रायफलची मोजणी

मोजणी खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला मोजमाप कसं करावं हे कोणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. आचऱ्यापासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत किती बांधांवर उभं राहून मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या असतील त्याची गणती नाही. आधी साखळी होती, मग फळी आणि दुर्बीण आली, शेवटी शेवटी तीन पायांचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं. यंत्रं बदलली, लोक तेच राहिले. माप आपल्या बाजूने आलं की "सायेब देवमाणूस", आणि विरुद्ध गेलं की "मशीन बिघडला, फेरमोजणी व्हयी." दोन माडांच्या मधल्या दीड हात वाळूसाठी सख्खे भाऊ माझ्या डोळ्यांदेखत एकमेकांच्या अंगावर धावून गेलेत. अशा वेळी मी शांतपणे सांगायचो, यंत्राला तुमचं नातं माहीत नाही, ते आहे तेच सांगतं. तेव्हा असं बोलायला फार बरं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर इथली माणसं देवळाच्या कमिटीत शिरतात, नाहीतर मुंबईच्या मुलाकडे जाऊन महिन्याभरात कंटाळून परत येतात. मी एअर रायफल घेतली. आचऱ्याहून मालवणला जाताना रस्त्याच्या आत एक बंद पडलेला काजूचा कारखाना आहे. फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदाराने त्याच्या लांबलचक हॉलमध्ये नेमबाजीची रेंज काढली आहे. दहा मीटरवर कागद, कागदावर काळं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध मोहरीहून बारीक ठिपका. त्या ठिपक्याला छर्रा लागला की दहा गुण, दहा छर्ऱ्यांचे शंभर. मी पंचाण्णवच्या खाली क्वचित उतरायचो. साठीच्या वरच्यांच्या गटात जिल्ह्यात दोनदा पहिला आलो. त्या दोन ढाली दिवाणखान्यात टीव्हीच्या वर आहेत, आणि पाहुणा आला की मी त्याला मुद्दाम टीव्हीसमोर बसवतो.

गेल्या पावसाळ्यात गुण घसरायला लागले. आधी एक्याण्णव, मग अठ्ठ्याऐंशी, मग एका शनिवारी चक्क ब्याऐंशी. नेम बरोबर धरलेला, श्वास बरोबर रोखलेला, आणि छर्रा जातो कुठे तर खाली उजवीकडे, सातच्या घरात. ब्याऐंशीचा कागद घेऊन मी घरी आलो आणि रायफलच्या, ती बनवणाऱ्याच्या, ती विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बायको पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "रायफल नाय ओ. तुमचो हात हलता."

"माझो हात?" मी ओरडलो. "माझ्या हाताक काय धाड भरली?"

"नाचूक येयना, आंगण वाकडा," ती म्हणाली, आणि एक खडा उचलून बाहेर फेकला.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला तिथेच सांगितलं की आता मोजणीच करतो. रायफल बिघडली असेल तर प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने सुटणार, एक जोरात, एक मरतुकडा. मग तो कागदावर वरखाली लागणारच, त्यात माणसाचा काय दोष? आणि सगळे छर्रे एकाच वेगाने सुटले, तर रायफल निर्दोष.

"आणि मगे?" तिने विचारलं.

"मगे तू सांगशीत त्या डॉक्टराकडे येतलंय. रायफल सुभेदाराकडे ठेवून देतलंय. परत हात लावचंय नाय."

"ह्या बोललास ता ध्यानात ठेवा," ती म्हणाली.

माझ्या वडिलांचे हात शेवटी शेवटी कसे कापायचे, ते मी दहा वर्षं जवळून पाहिलं आहे. भाताचा घास तोंडापर्यंत पोचेतो अर्धा मांडीवर सांडायचा, आणि ते कोणी बघतंय का हे आधी बघायचे. ते दुखणं आपल्यात उतरलं असेल, हा विचार मला सहन होत नव्हता. त्याच्याबद्दल मला कोणाशी बोलायचंही नव्हतं. म्हणून मी छर्ऱ्याचा वेग मोजायचं मशीन मागवलं.

त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. सुभेदार त्याला पहिल्या दिवसापासून "तुमचो डबो" म्हणतो. डबाच आहे तो, टिफिनपेक्षा थोडा लांब. वरच्या अंगाला एक वीतभर अंतराने दोन खोलगट डोळे. डब्याच्या बरोबर वरून छर्रा मारायचा. छर्ऱ्याची सावली पहिल्या डोळ्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद, आणि समोर वेगाचा आकडा, सेकंदाला इतके मीटर. इतकं सोपं! बांधावर साखळी ओढणाऱ्या माणसाला हे काय अवघड, असं म्हणून मी रेंजवर गेलो, टेबलावर डबा ठेवला आणि दहा छर्रे मारले. सात वेळा 'एरर' आलं. उरलेल्या तिनांत एकदा एकसष्ट, एकदा तीनशे चव्वेचाळीस आणि एकदा एकशे बहात्तर. एकसष्ट मीटरच्या वेगाने तर आमच्या शेजारणीने कोंबड्यांना मारलेला खडाही जात असेल.

माहितीपत्रक इतक्या बारीक अक्षरात छापलं होतं की ते वाचायला दुर्बीण लागावी. दोन दिवस खपून कळलं की हॉलमधल्या ट्यूब दोषी आहेत. ट्यूब आपल्याला स्थिर दिसते, पण ती सारखी लुकलुकत असते. ते लुकलुकणं डब्याला छर्ऱ्याच्या सावलीसारखं वाटतं. म्हणजे छर्रा जायच्या आधीच ह्याचं घड्याळ सुरू! सुभेदार म्हणाला, "मगे ट्यूब बंद करा आणि भायर चला. थंय देवाचो उजेड आसा."

बाहेर म्हणजे कारखान्याच्या मागे, माडांच्या खाली. पुढे मातीचा बांध आहे, त्यामुळे छर्रा कुठे जाण्याची भीती नाही. मी डबा स्टुलावर ठेवला, रायफल भरली, आणि नेम धरायच्या आत डब्यावर आकडा उमटला. अठ्ठ्याण्णव. मी छर्रा मारलेलाच नाही! परत शून्य केलं. परत आकडा, दोनशे दहा. वर पाहिलं तर वाऱ्यावर झावळं हलत होतं आणि त्याची सावली डब्यावरून येजा करत होती. हा मूर्ख डबा झावळांचा वेग मोजत बसला होता. सुभेदार खो खो हसला. मला हसू येत नव्हतं.

मग मी घरून पांढरा पंचा आणला, चार काठ्या रोवल्या आणि डब्यावर मांडव घातला. पंच्यातून मऊ उजेड खाली यावा, सावल्या पडू नयेत, हे पत्रकातच लिहिलं होतं. खाडीवरचा वारा दुपारी उठतो हे मात्र पत्रक लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार. पंचा फडफडायला लागला. काठ्या कलल्या. मी एका हाताने पंचा धरून, दुसऱ्या हाताने रायफल माडाखाली कायमच्या पडलेल्या टेबलाला टेकवून छर्रा मारला, आणि ठक्क असा आवाज आला. छर्रा डब्याच्या कोपऱ्याला लागून प्लास्टिकचा टवका उडाला होता.

"आवशीक खाव!" मी म्हटलं.

सुभेदार हसला नाही. तो डब्याजवळ गेला, टवक्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सायबानु, दोन हातावरसून मारलास आणि चार बोटा खाली लागला," तो म्हणाला.

"टेबल हललो," मी म्हटलं.

टेबल सागाचं आहे आणि चार माणसांना हलत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्याने कललेल्या काठ्या उपटून भिंतीला लावल्या. ते मला त्याच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं, आणि मी डबा पिशवीत कोंबून त्याचा निरोप न घेताच घरी आलो.

चार दिवसांनी त्याचाच फोन आला. त्याने कुठल्या तरी फौजेतल्या मित्राला विचारलं होतं. म्हणे जुना पिवळा बल्ब लावा. पिवळ्या बल्बची तार तापलेली असते, ती लुकलुकत नाही. ठीक आहे. पण पिवळा बल्ब आणायचा कुठून? मालवणच्या बाजारात मी सहा दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तोच पांढरा एलईडी पुढे यायचा आणि वर, "काका, तो बल्ब आता कोण वापरता? लाइट बिल केवढा येता!" एकाने तर मला बिलाचं गणित समजावून सांगायला घेतलं. मी निम्म्यातच निघून आलो. शेवटी बायको म्हणाली, "कोंबड्याच्या पोल्ट्रीत असतत मा. पिल्लांका ऊब देवक." तिच्या मावसभावाची आचऱ्यात पोल्ट्री आहे. तिथून शंभर वॅटचे दोन बल्ब आले, त्यांच्यावर पिसं चिकटलेली. ते स्वतः बायकोनेच पुसून दिले. ज्या मोजणीत मी हरावं अशी तिची इच्छा, तिच्यासाठी बल्ब तीच आणून देते, याचा मला तेव्हा रागच आला होता.

बल्ब लागले. डब्यावर पिवळा, शांत उजेड पडला. मी तीन छर्रे मारले. एकशे बहात्तर. एकशे एकाहत्तर. एकशे बहात्तर.

आणि वीज गेली.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. ते तीन आकडे रायफलच्या बाजूने बोलत होते. पण तीन छर्ऱ्यांवर काय निकाल लागतो? तीन खुणा बघून मी कधी कोणाची हद्द कायम केली नाही. सुभेदाराला मी तसं सांगितलं. वीज संध्याकाळपर्यंत येणार नव्हती आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. म्हणून मी रायफल आणि डबा दोन्ही घरी घेऊन आलो.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार आणि यंत्र पुजतात. पाटावर कोयता, विळी, पहार, शिवणाचं मशीन, माझी जुनी पितळी मोजपट्टी. अंगणात स्कूटर, तिच्या हँडलला झेंडू. ही पूजा मीच करतो, वडिलांनंतर कायम मीच केली आहे. कुंकवात दोन थेंब पाणी घालायचं म्हणजे ते लोखंडावर धरतं, आणि अनामिकेने प्रत्येक वस्तूला बोट लावायचं. त्या वर्षी पाटावर रायफल आणि डबा हे दोघे नवीन होते. मी रायफलच्या दस्त्याला कुंकू लावलं, डब्याला लावलं, आणि मनात म्हटलं, बाबा रे, आता तरी खरं सांग.

दसरा झाल्यावर मी सगळ्या वस्तू ओल्या फडक्याने पुसल्या, डबा पिशवीत घातला आणि रेंजवर गेलो. बल्ब लावले. वीज होती. छर्रा मारला.

एकशे अठ्ठावन्न. दुसरा, एकशे एकोणनव्वद. तिसरा, एकशे चाळीस. चौथा एकशे बहात्तर, पाचवा दोनशे एक.

मी वीस छर्रे मारले आणि वीसही आकडे वहीत लिहिले. कुठल्याही दोन आकड्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सापडला चोर! रायफलच्या आतला हवेचा दाब वरखाली होतोय, दुसरं काय? सुभेदार डोकं खाजवत म्हणाला, "त्या दिवशी तीन बरे इल्ले मा?" मी म्हटलं, त्या दिवशी रायफल थंड होती. थंड! ऑक्टोबरात, मालवणात, दुपारी बारा वाजता!

घरी येऊन मी वही बायकोपुढे आपटली. "बघ. वीस आकडे. हात हलता म्हणी! रायफल हलता, रायफल!"

तिने वही हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बघितली. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे. "बरा झाला," ती म्हणाली. "रायफल दुरुस्त करून घ्या. मगे बघूया." त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपलो.

रायफल पुण्याला दुरुस्तीला पाठवली. दोन आठवड्यांनी तिथल्या मेकॅनिकचा फोन आला. बोलणं पुणेरी, एकेक शब्द तोलून. "साहेब, रायफलमध्ये काहीही दोष नाही. मी माझ्या मशीनवर पंचवीस छर्रे मारून पाहिले. सगळे एकाच वेगाने जातायत. तुम्ही कशावरून म्हणता वेग बदलतोय?"

"माझ्याकडे वीस आकडे लिहिलेले आहेत," मी म्हटलं.

"मग तुमचं मशीन एकदा तपासून घ्या."

"माझं मशीन? तुमचंच मशीन बिघडलेलं असणार! परत मोजा!"

मग तो म्हणाला, "साहेब, मी तीनदा मोजलंय." आणि फोन ठेवला. माझंच वाक्य मला कानात ऐकू येत होतं आणि ते माझ्या आवाजातलं वाटत नव्हतं. बांधावरचा तो माणूस, धोतर खोचून, "मशीन बिघडला" म्हणत हात नाचवणारा, त्याच्यावर मी किती वर्षं हसलो होतो.

रायफल परत आली. त्याच डब्यावर तिचे आकडे पुन्हा तसेच नाचले, एकशे पन्नास, एकशे ब्याण्णव. मी दात खाऊन म्हटलं, बघा, पुण्याच्याने काही केलं नाही, नुसती पेटी उघडून बंद केली. सुभेदार कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा होता. तो उठला, त्याने रेंजची स्वतःची रायफल आणली, जिचा वेग त्याला झोपेतसुद्धा पाठ आहे, आणि माझ्या डब्यावरून पाच छर्रे मारले. एकशे तेहतीस, एकशे सत्त्याण्णव, एरर, एकशे साठ, दोनशे चौदा.

"म्हणजे दोन्ही रायफली एकदम बिघडल्यो?" त्याने विचारलं.

दोन मोजण्या चुकल्या की आधी साखळी तपासायची, हे मी पोरासोरांना शिकवलेलं. चार महिने मी सगळं तपासत होतो, ट्यूब, झावळं, पंचा, बल्ब, पुण्याचा मेकॅनिक, फक्त डबाच हातात घेऊन बघायचं राहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सुभेदाराने डबा उचलला, बल्बखाली तिरका केला आणि डोळ्यात फुंकर मारली. मग त्याने चष्मा लावला.

"सायबानु," तो म्हणाला, "हेच्या डोळ्यात कुंकू आसा."

पुढच्या डोळ्याच्या खोलगट भागात, अगदी तळाशी, कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. अर्धा डोळा झाकलेला. छर्ऱ्याची सावली त्याला कधी वेळेवर दिसायची, कधी उशिरा, तर कधी दिसायचीच नाही. बाहेरून मी फडक्याने पुसलं होतं, पण आतलं कोण बघतो?

माझं डोकं फिरलं. तसाच डबा घेऊन मी स्कूटरने घरी आलो आणि दारातूनच बोंब मारली, "हेच्या डोळ्यात कुंकू कोणी घातला? एवढी अक्कल नाय? मशीन काय देवाचो टाक आसा, डोळ्यात बोट घालूक?"

बायको चुलीपुढून बाहेर आली, पदराला हात पुसत. "तुमीच," ती म्हणाली.

"मी? मी कडेक लावतंय. नेहमी कडेक लावतंय."

"कडेकच लावूक गेलास," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "बोट हलला आणि आत गेला. मी बाजूक तबक घेवन उभी होतंय. कोयत्याच्या मुठीक लावताना पाटार सांडलास, मोजपट्टीक दोन ठिकाणी लागला. तुमचा ध्यान नव्हता. मी मगे पाट पुसलंय."

"मगे तेव्हाच सांगूक काय झाला होता?"

"पूजेत?" ती म्हणाली. "आणि सांगला असता तर तुमी काय म्हटला असतास? पाट हललो."

मी अंगणातल्या पायरीवर बसलो. तिने आतून स्पिरिट आणि कानात घालायची कापसाची काडी आणून दिली. मी डोळा साफ करायला घेतला. काडीचं टोक डोळ्याच्या कडेला टकटक आपटत राहिलं, आत जाईना. दुसऱ्यांदा तसंच झालं. मग तिने माझ्या हातातून काडी काढून घेतली आणि बाजूला बसून, सुईत दोरा ओवावा तसा एका झटक्यात डोळा लख्ख केला.

खरं तर ती मोजणी मी टाळू शकलो असतो. कोणी मला ओढून नेत नव्हतं. पण तेहतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या हद्दी ठरवल्या, त्याला आपली हद्द बघायची वेळ आली की पाय मागे घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी रेंजवर गेलो. सुभेदाराला बायकोला दिलेला शब्द सांगितला आणि म्हटलं, रायफल शिकंज्यात बसव, हाताचा प्रश्नच नको. त्याने ती लाकडी शिकंज्यात आवळली. बल्ब लावले. त्याने चाप ओढायचा, मी आकडा लिहायचा, असं ठरलं.

एकशे बहात्तर. एकशे बहात्तर. एकशे एकाहत्तर. एकशे बहात्तर.

प्रत्येक छर्ऱ्याला मी मनात म्हणत होतो, चूक रे, एकदा तरी चूक. एक तरी एकशे साठ दे. इतके महिने खरा आकडा मिळावा म्हणून जीव काढला, आणि आता मी खोट्या आकड्यासाठी देवाला आळवत होतो. विसाव्या छर्ऱ्यापर्यंत डबा एकशे एकाहत्तर आणि एकशे त्र्याहत्तरच्या बाहेर पडला नाही. असं नेटकं माप मला आयुष्यात एकाही बांधावर मिळालं नव्हतं.

सुभेदाराने शिकंजा सोडवला, माझीच रायफल खांद्याला लावली आणि उभ्याने दहा छर्रे कागदावर मारले. कागद दोरीवरून ओढून आणला. शहाण्णव. त्याने तो मला दाखवला नाही, घडी करून खिशात घातला. मी बघितलेलं त्याला कळलं होतं. "रायफल ठेवून जातास?" त्याने हळूच विचारलं. मी मान डोलावली. पेटीची कडी माझ्याकडून दोनदा लागली नाही. तिसऱ्यांदा त्यानेच लावली.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. स्कूटरवर पेटी नाही हे बायकोने खिडकीतूनच पाहिलं असणार. मी पडवीत बसलो आणि सांगितलं, "रायफल बरी आसा."

"चाय देतंय," ती म्हणाली.

तिने कप पुढे ठेवला. मी बघितलं आणि माझ्या रागाला कुठेतरी वाट हवीच होती, ती सापडली. "हेतूर काय आसा? अर्धोच कप? दूध संपला की चाय पावडर संपली? ह्या घरात माणसाक एक भरलेलो कप चाय मेळना?"

ती माझ्या समोर बसली. "शिमग्यापासून अर्धोच देतंय," ती म्हणाली. "तुमका कळूक नाय. भरलेलो दिलंय तर बशीत सांडता, आणि मगे तुमी कपाक शिव्या घालतास."

शिमग्यापासून. माझा पहिला छर्रा खाली जायच्या कितीतरी आधीपासून. तिने ट्यूब लावली नव्हती, बल्ब बदलला नव्हता, काही नाही. रोज दोनदा मोजलं होतं, आणि मला कमीपणा वाटू नये म्हणून कोणाला आकडा सांगितला नव्हता.

"कुडाळाक एक डॉक्टर आसा," ती म्हणाली. "मी नंबर लावन ठेवलंय. उद्या सकाळच्या गाडीन जावया."

"कधी लावलंस नंबर?"

"बल्ब पुसलंय त्या दिवशी."

मी बरं म्हटलं. मग दोन्ही हातांनी कप धरला आणि चहा प्यायलो.